कुराबेची शिंक

अनुषा रडत आली तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि महानंदा टेबलाच्या खणात आपलं बोट अडकवून बघत होती. मुद्दाम. खण हळूहळू ढकलायचा आणि नेमकं कुठल्या क्षणी दुखतं ते पाहायचं, हा तिचा गेल्या वर्षभरातला खासगी प्रयोग होता आणि त्याचा निकाल दर आठवड्याला थोडा थोडा वाईट येत होता. त्यामुळे समोरून हुंदका ऐकू आला तेव्हा तिला आधी वाटलं, आपणच कळवळलो; म्हणजे दुखतंय अजून; आणि क्षणभर तिला बरंच वाटलं. मग तिने वर पाहिलं. अनुषा दारात उभी होती, डोळे सुजलेले, कंपनीचं ओळखपत्र उलटं लटकलेलं. ही खानापूरची मुलगी दीड वर्षापूर्वी कंपन-चाचणी विभागात आली तेव्हा महानंदाने तिला तिच्या मराठीवरूनच आपल्याकडे मागून घेतली होती. सगळा विभाग कन्नड नाहीतर इंग्रजी बोलायचा. मशीन चालू असताना त्यावरून ओरडायला महानंदाला निपाणीची भाषा लागायची. "काय झालं गं?" तिने बोट सोडवत विचारलं. "सेन्सेई गेले, मॅडम," अनुषा म्हणाली, आणि पुन्हा तोंड फिरवून रडायला लागली.

सेन्सेई म्हणजे कराटेचे मास्तर, एवढं महानंदाला ठाऊक होतं. सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या इमारतीच्या तळघरात दर शनिवारी पांढऱ्या कपड्यातली पोरं त्या नावाने ओरडत. तिने अनुषाला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, अर्ध्या दिवसाची रजा जागच्या जागी मंजूर केली. तेवढ्यात विभागप्रमुख जितेंद्र आत आला. तो महानंदाहून बारा वर्षांनी लहान आणि एका खुर्चीने मोठा होता, आणि दुःखाच्या प्रसंगी आपण काय करायचं हे न कळल्यामुळे नेहमी नियमाप्रमाणे वागायचा. त्याने दोन मिनिटं उभं राहायचं सुचवलं. प्रयोगशाळेतली सहाही माणसं मशीन बंद करून उभी राहिली. दोन मिनिटं संपल्यावर जितेंद्रने हळू आवाजात विचारलं, "कुठे राहायचे ते?" "धुक्याच्या खोऱ्यात," अनुषा म्हणाली. "म्हणजे कूर्गच्या बाजूला?" "नाही सर, जपानमध्ये." "अच्छा. आणि करायचे काय?" अनुषाने नाक पुसलं. "निन्जा होते."

एका जपानी चित्रकथेतला, सतराव्या भागात मेलेला माणूस. त्याच्यासाठी आपण उभे राहिलो, आणि वर मशीनही बंद केलं. जितेंद्र आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दारामागून येणारा आवाज खोकल्याचा होता की हसण्याचा, ते कोणी विचारलं नाही. महानंदाने अनुषाची रजा रद्द केली. "पंचवीस वर्षांची घोडी झालीस की गं," ती म्हणाली, "चित्रातल्या माणसासाठी रडतीस?" अनुषा म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाचा मग बोला," आणि पिशवीतून ते पुस्तक काढून तिने टेबलावर आपटलं. जाडसर, खरखरीत कागदाचं असणार. असणार, कारण महानंदाच्या बोटांना तो कागद खरखरीत आहे की गुळगुळीत, हे कळलंच नाही. तिने ते चटकन पर्समध्ये टाकलं.

हे बोटांचं कोणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि बोटांच्या टोकांवर जणू कोणीतरी पातळ मेण ओतून ठेवलं. साखरेमुळे होतं असं, डॉक्टर म्हणाले होते, उशिरा आलात. चिकपेटच्या बाजारात नणंदेसाठी रेशमी साडी घ्यायला गेली, दुकानदार म्हणाला, "हात लावून बघा अक्का, लोणी आहे लोणी," तिने हात लावला, तज्ज्ञासारखी मान हलवली, आणि नणंदेने घडी उलगडताच विचारलं, वहिनी, ही पडद्याची काय की? ते एक वेळ चालून गेलं. साडी म्हणजे काही रडार नव्हे. पण महानंदाची नोकरीच हातावर होती. रडारच्या अँटेनाला धरून ठेवणारे ब्रॅकेट थरथरत्या टेबलावर चढवायचे, टेबल मंद गतीने हलवायचं, पडद्यावर आलेख उमटायचा. आणि आलेख उमटायच्या आत महानंदा ब्रॅकेटवर तळहात ठेवून सांगायची, 'सरी', म्हणजे कन्नडमधलं ठीक, नाहीतर 'उतरवा'. चौतीस वर्षांत ती चारदा चुकली होती, आणि चारही तारखा तिला पाठ होत्या. चांगला ब्रॅकेट झोपलेल्या मांजरासारखा गुरगुरतो. आत केसाएवढी चीर असली तर त्या गुरगुरीत कुठेतरी एक खडा लागतो, भातात लागावा तसा. खडा लागला की तिच्या दाढेत शिरशिरी यायची. गेल्या वर्षभरात एकही खडा लागला नव्हता. पहिले काही महिने तिला वाटलं, माल सुधारला.

मग कळलं, आणि कळूनही ती हात ठेवत राहिली. डोळ्याच्या कोपऱ्यातून आलेख बघायचा, आलेख ठीक दिसला की जरा थांबायचं, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, सरी. डोळे मिटणं ही नवीन भर होती. पूर्वी ती कधी डोळे मिटत नसे. अनुषाला मात्र ते फार आवडायचं. "मॅडम ध्यानात जातात," असं ती नव्या लोकांना सांगताना महानंदाने ऐकलं होतं. बारा दिवस राहिले होते निवृत्तीला. बारा दिवस डोळे मिटले की झालं.

संध्याकाळी गच्चीवरच्या खुर्चीत बसून तिने ते पुस्तक उघडलं, सगळी पुस्तकं उघडतात तसं. पहिल्याच पानावर कुराबे नावाचा लठ्ठसा निन्जा कौलांच्या ढिगाऱ्याखाली मरून पडला होता आणि तीन शिष्य रडत होते. सुरुवातीलाच मारला, हे तिला धीटपणाचं वाटलं. पुढच्या पानावर त्याने डोळे उघडले. मग कौलं आपापल्या जागी उडून गेली, त्याच्या अंगातले बाण निघून शत्रूंच्या धनुष्यांत परत गेले, एक अख्खं पानभर शिंक आली, आणि तो हळूहळू उलट्या पावलांनी किल्ल्यातून बाहेर पडून, डोंगर उतरून, धुकं ओलांडून घरी आला. शेवटी तो अंगणात बसून शेवया खात होता. वाडगं पानागणिक भरत चाललं होतं. महानंदाला अगदी समाधान झालं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती अनुषाला म्हणाली, "चांगला बरा झाला की गं तो. तू उगीच रडलीस." अनुषाने पुस्तक मागून घेऊन उलट्या बाजूने उघडलं. "मॅडम, ते उजवीकडून वाचायचं असतं," ती म्हणाली.

उजवीकडून वाचलं की तो मरत होता. महानंदाने मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ते सरळ वाचलं आणि तिचं डोकं तापलं. या कुराबेला जन्माचं पडसं. इतकी वर्षं निन्जागिरी केली ती कानाची पाळी चिमटीत धरून शिंक दाबत. सबंध खोऱ्यात कोणाला पत्ता नाही. शेवटच्या कामगिरीवर तो कोणालाही न सांगता एकटा जातो. शिष्य चोरून मागे येतात आणि तळघरात सापडायच्या बेतात असतात. पहारेकरी तळघराच्या दाराशी पोचतात तेव्हा समोरच्या छपरावर बसलेला कुराबे कानाची पाळी सोडून देतो. आणि शिंकतो. सगळे पहारेकरी वर बघतात. शिष्य निसटतात. बस. "एकटा का गेला तो?" तिने अनुषाला विचारलं. "मुलांना धोक्यात घालायचं नव्हतं त्यांना." "मग मुलं तळघरात कशी आली?" "मागून गेली, लपून." "म्हणजे गेलीच ना शेवटी! सांगून नेली असती तर निदान कुठलं दार उघडं आहे ते तरी कळलं असतं पोरांना." अनुषा म्हणाली, "मॅडम, गुरू मरावाच लागतो. त्याशिवाय शिष्य मोठा होत नाही. सगळ्या गोष्टींत असंच असतं." हे ती दही-भात कालवता कालवता, अगदी सहज म्हणाली.

महानंदाने अर्धा डबा तसाच बंद केला. कारण तिचे गुरू मेले नव्हते. शालनबाई. पुण्याहून आलेल्या, नऊवारी नाही पण नऊवारीच्या तोऱ्यातल्या, त्यांनीच पंचविशीतल्या महानंदाचा तळहात पहिल्यांदा धरून टेबलावर ठेवला होता आणि म्हटलं होतं, बोलू नकोस, ऐक. त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी अकराला त्यांचा फोन आला. टेबलाला तेल घातलं का? तिसऱ्या दिवशी अकराला. मग रोज. दोन वर्षं. आधी सगळे धावत घ्यायचे, मग पाळी लावून घ्यायचे, मग अकरा वाजले की प्रयोगशाळेत कोणीच नसायचं. एकदा महानंदाच समोर असताना दुसऱ्या कोणीतरी उचलला, आणि महानंदाने हाताने खूण केली, नाही म्हणून सांग. पलीकडून बाई म्हणाल्या, "बरं, तिला सांगा, काही विशेष नव्हतं." त्यानंतर फोन आला नाही. पुढे भेटल्या तेव्हा त्या फक्त गुडघ्यांबद्दल बोलल्या. चित्रकथा काढणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणार, महानंदाला वाटलं. म्हणूनच तो वेळेवर छप्पर पाडतो. शिंकून मेलेला गुरू भिंतीवर राहतो. जगलेला गुरू अकरा वाजता फोन करतो. आणि मेणाच्या बोटांचा गुरू? त्याचं काय करायचं, ते कुठल्याही भागात लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी होसकोट्याला जायचं होतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ब्रॅकेटची नवी खेप तयार होती, चोवीस नग, आणि ती पास करणं हे महानंदाचं सेवेतलं शेवटचं काम. तसं कार्यालयीन आदेशात लिहिलंच होतं, 'अंतिम दौरा'. अनुषाने ते वाचलं आणि ती पांढरी पडली. "मॅडम, तुम्ही एकट्या जायचं नाही." "अगं, होसकोटे आहे ते. तासाभराचा रस्ता." "सेन्सेईही असेच एकटे गेले." शेवटी तिने जितेंद्रकडून परवानगी काढली आणि गाडीत महानंदाच्या शेजारी अशी ताठ बसली, जणू रस्त्याकडेच्या प्रत्येक टपरीवर धनुर्धारी होते. महानंदाला हसू येत होतं आणि खालून, हसण्याच्या खालून, दुसरंही काहीतरी येत होतं. तिने मांडीवर डावा तळहात उजव्या हाताने दाबला. जास्त दाबला. कुठेतरी फार लांब, दुसऱ्याच्या घरात कोणी दार वाजवावं, तसं काहीतरी कळलं.

कारखान्याचा क्वालिटी मॅनेजर अजिंक्य हा पुण्याहून नुकताच आलेला, उत्साही मुलगा. "वेलकम मॅडम, तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय ना! आमच्या लोकांना ग्राफपेक्षा तुमचं 'सरी' ऐकायचं असतं, सीरियसली." मशीनला झेंडूची माळ घातली होती. नारळही आणून ठेवला होता. मॅडमचं शेवटचं 'सरी' झालं की फोडायचा. कामगार भिंतीला टेकून उभे. महानंदाला एकदम निन्जाचं छप्पर आठवलं आणि राग आला, कुराबेचा नाही, स्वतःचाच. आपण आता याच मापाने मोजायला लागलो. टेबल सुरू झालं. पहिला ब्रॅकेट. तिने हात ठेवला. मेण. आलेख ठीक. डोळे मिटले. सरी. दुसरा. सरी. आठ झाले. दर खेपेला कामगारांपैकी कोणीतरी समाधानाने श्वास सोडायचा. नववा चढला, तिने हात ठेवला, आलेख ठीक होता, आणि डोळे मिटताना तिला दिसलं की अनुषानेही डोळे मिटले आहेत. शेजारी उभी राहून, स्वतःचा रिकामा तळहात हवेत धरून, अगदी तिच्यासारखी, मान किंचित डावीकडे. ती मनापासून शिकत होती. महानंदाने वर्षभर केलेलं सोंग ती जसंच्या तसं, बारकाव्यांसकट शिकत होती.

महानंदाने ब्रॅकेटवरचा हात काढून घेतला. अजिंक्यने वाट पाहिली. "मॅडम? सरी?" "मला काही कळत नाही," महानंदा म्हणाली. "म्हणजे, डाउट आहे?" "डाउट नाही. कळतच नाही. वर्ष झालं, माझी बोटं बधिर आहेत. हे मघाचे आठ मी आलेख बघून सांगितले." मशीन चालू होतं म्हणून ती ओरडून बोलत होती, आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी मशीन बंद केलं, त्यामुळे 'बधिर आहेत'पासून पुढचं सगळं शेडमध्ये घुमलं. नारळ धरून उभ्या असलेल्या माणसाने नारळ पाठीमागे लपवला. अनुषाने डोळे उघडले. त्या डोळ्यांत काय होतं ते महानंदाने पाहिलं नाही, पाहायचं टाळलं. तिने तो हवेतला तळहात मनगटाला धरून खाली ओढला आणि ब्रॅकेटवर ठेवला. "चालू करा पुन्हा," ती म्हणाली. "आणि तू डोळे उघडे ठेव. मिटण्याचा काही उपयोग नसतो. ते मी नंतर घातलंय."

"काय कळायला पाहिजे मला?" अनुषाने विचारलं. "मी सांगितलं तर तुला तेच कळेल. तू सांग." टेबल गुरगुरलं. अनुषाने तळहात थोडा पुढे सरकवला. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "शेजाऱ्याच्या पर्समध्ये मोबाइल वाजतोय, तसं काहीतरी. इथं, करंगळीखाली." अजिंक्य म्हणाला, "पण ग्राफ तर एकदम क्लीन आहे, मॅडम. लास्ट डे आहे, इमोशनल होतंय सगळं, आय अंडरस्टँड." महानंदा म्हणाली, "उतरवा." ब्रॅकेट उतरवला, चिरेत शिरणारा लाल रंग लावून, पुसून, भिंगाखाली धरला. करंगळी होती त्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढी लाल रेघ उमटली. मोबाइल नव्हे गं, खडा, असं महानंदाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. या मुलीचा मोबाइल तर मोबाइल.

मग अनुषाने आधीचे आठ पुन्हा चढवायला लावले आणि उरलेले सगळे. चार वाजले. आणखी एक निघाला, विसावा. नारळ फुटला नाही. परतताना गाडीत अनुषाने अर्धा रस्ता नगांच्या नोंदी लिहून काढल्या. मग म्हणाली, "मला का सांगितलं नाही?" महानंदाकडे तीन उत्तरं होती आणि तिन्ही खोटी होती, म्हणून ती म्हणाली, "भूक लागलीय का?" "नाही." "मला लागलीय." "मॅडम, मी आत्ता तुमच्यावर रागावलेय. स्वल्प थांबा." तिला थांबावं लागलं. उपाहारगृहं एकामागून एक निघून गेली. महानंदा उपाशी पोटी खिडकीबाहेर बघत बसली आणि तिला कळेना की आपल्याला इतकं हलकं का वाटतंय.

घरी देवाप्पा, तिचा नवरा, चहा घेऊन बसला होता. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो पूर्ण वाक्यं क्वचित बोलायचा. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक आहे की." "कसं ठाऊक?" "वर्षभर माझ्या चहात बोट घालून बघतीस आणि गार झाला म्हणून परत तापवतीस. जीभ पोळून पोळून चव गेली माझी." "मग बोलायचं नाही?" देवाप्पाने विचार केला. "तू सांगशील म्हटलं," तो म्हणाला, आणि कपावर फुंकर घालत राहिला, अजून, सवयीने.

गुरुवारी तिने जितेंद्रला लेखी दिलं: गेल्या वर्षभरात मी हात ठेवून पास केलेले एकोणचाळीस नग पुन्हा तपासावेत. जितेंद्रने कागद वाचला, पंखा वाढवला. "मॅडम, आलेख सगळे बरोबर आहेत. कार्यपद्धतीत हाताचा उल्लेखच नाही. जे करायचं नव्हतंच ते तुम्ही केलं नाहीत, एवढाच याचा अर्थ. शांतपणे निवृत्त व्हा ना." "तुलाही मीच शिकवलंय," महानंदा म्हणाली. "ठेव बरं हात टेबलावर." तो उठला नाही, पण कागदावर सही केली. पुढचे आठ दिवस अनुषाने, बाहेर गेलेले परत मागवून, एकोणचाळीस नग चढवले. महानंदा तिच्या मागे स्टुलावर बसून राहायची. बोलायचं नाही हे ठरलं होतं. ते अनुषाने ठरवलं होतं. अडतीस ठणठणीत निघाले. एक, नशिबाने अजून गोदामातच पडलेला, खोटा निघाला. अनुषाने तो उतरवला, मागे वळली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा महानंदाच्या शेजारी स्टूल ओढून बसली. दोघी त्या ब्रॅकेटकडे बघत होत्या. "अठराव्या भागात काय होतं?" महानंदाने विचारलं. "शिष्य भांडतात आपसात. बोअर आहे," अनुषा म्हणाली. "गुरू लागतो मध्ये."

शेवटच्या दिवशी चार वाजता समारंभ झाला. जितेंद्रने शाल घातली, भाषण केलं, त्यात 'अमूल्य' हा शब्द सात वेळा आला. मग केक कापून झाल्यावर त्याने खालच्या मानेने एक लिफाफा पुढे केला. 'विहित कार्यपद्धतीत समाविष्ट नसलेली परंतु प्रचलित असलेली हस्तपरीक्षा प्रत्यक्षात न करता केल्याचे भासवल्याबद्दल' खुलासा करावा, सात दिवसांत. मसुदा त्याने खूपदा लिहिलेला दिसत होता. 'भासवल्याबद्दल'च्या खाली पांढऱ्या शाईचा जाड थर होता. "लिहावं लागलं, मॅडम," तो म्हणाला. "सात दिवसांनी मी कुठे असणार इथे?" महानंदा म्हणाली. "आत्ताच देते." शाल अंगावर तशीच ठेवून ती आपल्या टेबलाशी गेली. पेन धरायला हल्ली तिला वेळ लागायचा. बोटांत ते आहे की नाही, हे बघून खात्री करावी लागे. तिने लिहिलं: 'आरोप मान्य आहे. माझ्या हातांना कळत नव्हतं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.' खाली सही केली.

अनुषा केकची बशी घेऊन मागे उभी होती. तिने खांद्यावरून वाकून वाचलं. "कारण नाही लिहिलं," ती म्हणाली.

"कसलं कारण?"

"का सांगितलं नाही ते. खुलासा मागितलाय ना त्यांनी. हा खुलासा नाही."

महानंदाने तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या ओठाला क्रीम लागलेलं होतं आणि चेहरा अतिशय गंभीर. माफी नव्हती त्या चेहऱ्यावर, रागही नव्हता. समोर आलेला नग नीट बघावा, तशी ती बघत होती. महानंदा पुन्हा कागदाकडे वळली. सहीच्या वर अगदी थोडी जागा शिल्लक होती. तेवढ्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं: 'घाबरले होते.'

अनुषाने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हं," ती म्हणाली. "आता तारीख घाला."